रात्री टाकीत ‘टक्’ कोण करतं?

दिवे मालवून घर शांत झालं की खाऱ्या पाण्याच्या टाकीतून कधीतरी ‘टक्’ असा आवाज येतो. इतका कोरडा, इतका टणक, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस धडपडत उठून काचेला तडा गेला का ते चाचपतो. मीही चाचपून पाहिलं होतं. काच शाबूत होती. पण चार दिवसांनी वाळूवर शंखाच्या ठिकऱ्या दिसल्या, मग शंखात राहणारा एक खेकडा गायब झाला, आणि माझा सगळा संशय टाकीतल्या पिस्टल श्रिंपवर गेला. तिला बाहेर काढायचंच ठरवलं होतं. ते केलं असतं तर मोठा अन्याय झाला असता.

पिस्टल श्रिंप म्हणजे बोटाएवढी कोळंबी, एक नांगी लहान आणि दुसरी अंगाच्या मानाने अवाढव्य. तिचा आवाज नांगीची दोन टोकं एकमेकांवर आपटून येतो, असंच पूर्वी सगळे धरून चालले होते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सेकंदाला 40 हजार चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ती क्रिया पाहिली आणि 2000 साली वेगळंच कारण मांडलं. नांगी इतक्या झटक्यात मिटते की खाचेतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर फेकलं जातं. त्या धारेत पाण्याचा दाब एकदम उतरतो आणि बाष्पाचा बुडबुडा तयार होतो. पुढच्याच क्षणी भोवतालचं पाणी त्या बुडबुड्याला चिरडतं, आणि आपल्याला ऐकू येतो तो ‘टक्’ त्या चिरडण्याचा. 2001 साली त्याच गटाने दाखवलं की बुडबुडा फुटताना प्रकाशाचा एक अत्यंत क्षीण, डोळ्यांना न दिसणारा कणही चमकतो. म्हणजे क्षणभर आतलं तापमान काही हजार अंशांवर गेलेलं असतं. दिवाणखान्यातल्या टाकीत, एका कोळंबीच्या नांगीपुढे हे घडतं, या गोष्टीचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हे हत्यार ती वापरते ते लहान भक्ष्य बधिर करायला आणि बिळावर चाल करून येणाऱ्याला हाकलायला. जाड शंख फोडून खाणं हे तिचं काम नव्हे. उलट तिचा संसार पाहण्यासारखा असतो. तिच्या काही जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून ती दिवसभर वाळू उपसते आणि मासा दाराशी पहारा देतो. बाहेर येताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपूट थरथरवली की ती आत. माझ्या टाकीत ही जोडी मी तास तास पाहिली आहे. मिशी सुटली आणि कोळंबी बाहेरच राहिली, असं एकदाही झालं नाही.

मग शंख कोण फोडत होतं? उत्तर दगडात होतं. खाऱ्या टाकीत आपण लाइव्ह रॉक ठेवतो, म्हणजे जिवाणूंनी आणि बारीक जीवांनी भरलेला सच्छिद्र दगड. त्याच्या भोकांतून न बोलावलेले पाहुणे येतात, आणि त्यांतला सर्वांत जबरदस्त पाहुणा म्हणजे मँटिस श्रिंप. आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात, त्याला इंग्रजीत मँटिस म्हणतात, आणि तो पुढचे पाय दुमडून बसतो. हिचेही पाय तसेच दुमडलेले, म्हणून हे नाव. खरं तर ही कोळंबीच नाही. कवचधारी प्राण्यांतली ही वेगळीच शाखा आहे, तिच्या साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. काहींचे पाय भाल्यासारखे काटेरी असतात. अशा जाती वाळूत, चिखलात राहतात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येतात. बाकीच्यांचे पाय गदेसारखे. दगडाच्या भोकात लपून टाकीत येणारी बहुधा या गदावाल्यांपैकी असते.

त्या गदेचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. शीला पाटेक या शास्त्रज्ञ बाईंनी 2004 साली सहकाऱ्यांबरोबर मोराच्या रंगाच्या मँटिस श्रिंपचा फटका मोजला. वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात. एवढी ताकद नुसत्या स्नायूंत नसते. पायाच्या सांध्यात खोगिराच्या आकाराची एक कडक कमान आहे. स्नायू ती सावकाश ताणतात, एक खुंटी ती अडवून धरते, आणि खुंटी सुटली की धनुष्यातून बाण सुटावा तशी गदा सुटते. फटक्याचा जोर 1500 न्यूटनपर्यंत जातो. त्यातून इथेही बुडबुडा तयार होतो आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत फुटतो, म्हणजे एका प्रहारात शंखाला दोन तडाखे. 1998 साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथ इथे टायसन नावाच्या अशाच एका प्राण्याने मत्स्यालयाची काच फोडली होती. लांबी जेमतेम चार इंच.

आवाजावरून दोघांत फरक करणं अवघड आहे, म्हणून आधी खात्री करा. विजेरीला लाल जिलेटिन पेपर लावा आणि दिवे घालवल्यावर तासाभराने दगडाची भोकं बघत बसा. मला तिसऱ्या रात्री एका गोल भोकात देठावरचे दोन डोळे दिसले. एक माझ्याकडे वळलेला, दुसरा वाळूकडे. असे स्वतंत्र फिरणारे डोळे पिस्टल श्रिंपला नसतात. तिचे डोळे डोक्यावरच्या कवचाखाली झाकलेले असतात. भोकासमोर शंखाच्या फुटक्या कडांचा ढीगही होता.

बोट घालू नका. परदेशातले मच्छीमार हिला ‘अंगठा चिरणारी’ म्हणतात, ते अनुभवानेच. टाकीत तांब्याचं औषध तर मुळीच टाकू नका. ते सगळ्याच कवचधारींना मारतं, आणि दगडात मुरून राहतं. पाण्याची प्लास्टिकची बाटली गळ्याखाली कापून, गळा उलटा आत बसवून, कोळंबीचा तुकडा ठेवलेला सापळा आधी लावून बघावा. माझ्या सापळ्यात ती आली नाही. शेवटी तो दगडच उचलून, भोक खाली करून, टाकीतल्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीवर धरला. आतलं पाणी निथळलं आणि काही मिनिटांनी पाण्याच्या शोधात ती आपणहून खाली पडली. हिरवट, करंगळीएवढी. भोकात सोडा वॉटर सोडण्याचाही उपाय सांगतात, पण त्याने प्राणी आतच मरण्याची शक्यता असते. मला तो पटत नाही.

आणि हा दगड, म्हणजे बहुधा प्रवाळाचाच तुकडा, कुठून येतो, हेही विचारायला हवं. प्रवाळ बांधणारे जीव 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून घरच्या टाकीत आणणं हा गुन्हा आहे. कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड घेऊन त्यांवर जिवाणू वाढवायला दोन-तीन महिने लागतात. तेवढं थांबावं.

तिला मी टाकून दिलं नाही, समुद्रातही सोडलं नाही. कुठल्या समुद्रातली, बरोबर कुठला रोग आणलेली, हे माहीत नसताना ते करू नये. आता ती वीस लिटरच्या वेगळ्या टाकीत आहे. वाळूत पुरलेल्या प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्याला तिने घर केलंय. आठवड्यातून दोनदा बाजारातली तिसरी, म्हणजे खायची शिंपली, देतो. शिंपला हातात धरून ती आधी मिशांनी चाचपते, हवा तसा फिरवून घेते, नळीच्या तोंडाशी टेकवते, आणि मग तोच आवाज येतो.