छबिलदासच्या हॉलमागची गोष्ट

दादरला पश्चिमेला उतरून छबिलदास गल्ली कुठे विचारलं तर आज लोक आधी वड्याबद्दलच सांगतील, पण त्याच गल्लीतल्या शाळेच्या एका हॉलमध्ये सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकांची जी ‘छबिलदास चळवळ’ झाली ती कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अगदी 1843, सांगली, विष्णुदास भावे वगैरेपासून सुरुवात करत नाही, ती धंदेवाईक कंपन्यांची गोष्ट सगळ्यांना माहितीये. हौशी लोकांसाठी खरा टप्पा म्हणजे 1954 ला सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा. बँकेतले, रेल्वेतले, सरकारी ऑफिसातले लोक, शाळामास्तर, कॉलेजची पोरं, सगळे संध्याकाळी तालमीला जमायचे कारण आता समोर एक तारीख होती, एक थिएटर होतं, परीक्षक बघायला येणार होते. त्यातून नवे लेखक आले, नवे दिग्दर्शक आले. पण अडचण पण तिथेच होती, दोन महिने घासून बसवलेलं नाटक, स्पर्धेचा प्रयोग झाला की बरेचदा संपलं, पुढचा प्रयोग लावायचा तर मोठ्या थिएटरचं भाडं कोण भरणार?

मुंबईत 1960 ला ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी माणसं, आणि यातलं कोणी पोटासाठी नाटक करत नव्हतं, लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन होते. सभासदांनी वर्गणी भरायची आणि नाटकं बघायची अशी पद्धत, त्यामुळे तिकीटबारीवर काय चालतं याची फिकीर न करता काहीही करून बघता यायचं. 1967 ला याच संस्थेने स्पर्धेसाठी केलेलं नाटक म्हणजे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. त्यातली मंडळी पण कोण, तर गावात खेळ करायला आलेला एक हौशी ग्रुपच. सुलभा देशपांडे त्यात बेणारे बाई, म्हणजे शिक्षिका, आणि खऱ्या आयुष्यातही त्या शिक्षिका होत्या, छबिलदास शाळेत. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट कामाची आहे.

नंतर रंगायनमध्ये मतभेद झाले, माणसं पांगली. 1971 ला अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. पहिलंच नाटक गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं, अरुण सरनाईक तुघलकच्या भूमिकेत. नव्या संस्थेने एवढी मोठी उडी मारायची म्हणजे हिंमतच म्हणायची.

पुण्यातही साधारण तेव्हाच असंच काहीतरी चाललं होतं. भालबा केळकरांच्या पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेने, 16 डिसेंबर 1972 ला तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ केलं, वाद पेटला, संस्थेने प्रयोग थांबवले, आणि ज्यांना थांबायचं नव्हतं त्या तरुण मंडळींनी 1973 च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी काढली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे डॉक्टर, सतीश आळेकर मेडिकल कॉलेजात संशोधनाच्या कामावर. नोकरी-प्रॅक्टिस सांभाळून हे लोक ‘घाशीराम’चा तो एवढा मोठा ताफा घेऊन 1980 ला बर्लिनपर्यंत गेले. संस्था फुटली म्हणून लोक हळहळतात पण मला वाटतं या दोन्ही शहरांत फुटण्यातूनच पुढचं काम उभं राहिलंय.

आता छबिलदास. 1974 पासून आविष्कारला शाळेचा हॉल संध्याकाळी मिळायला लागला. नाट्यगृह नव्हतंच ते. मखमली पडदा नाही, प्रेक्षक नटाच्या इतके जवळ की नटाने आवंढा गिळला तरी दिसायचा, आणि दिवसा शाळा असल्यामुळे लाइट, खुर्च्या, सेट जे काय असेल ते लावायचं आणि प्रयोग झाला की आवरायचं, तेही नटांनीच. ज्याने मेन रोल केला त्यानेच खुर्च्या उचलायच्या यात कोणाला काही वाटायचं नाही.

पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. हॉल मिळाला तो आविष्कारने फक्त स्वतःच्या नाटकांना ठेवला नाही! दुसऱ्या ग्रुपना दिला, सत्यदेव दुबे हिंदी नाटकं घेऊन तिथे, अमोल पालेकर तिथे, आणि ज्यांचं नाव कोणी ऐकलं नव्हतं अशी पोरंही तिथे. नाटक पडलं तरी कोणी कर्जात बुडायचं नाही एवढा कमी खर्च, म्हणून लोक धाडस करू शकले. ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं ते या मोकळेपणामुळे, एकट्या संस्थेच्या नाटकांमुळे पडलं नसतं. आणि हे सगळं चालवायचं म्हणजे तारखा, चाव्या, परवानग्या, हिशोब, फोन. ते काम काकडेकाकांनी वर्षानुवर्षं केलं, 2019 ला ते गेले तोपर्यंत ते आविष्कारचेच होते. असा एक माणूस नसेल तर हौशी ग्रुप दुसऱ्या वर्षी बंद पडतो, कितीही टॅलेंट असू दे.

सुलभाताईंची ‘चंद्रशाला’, म्हणजे आविष्कारचा मुलांच्या नाटकांचा विभाग, पण याच घरातली, तिचं ‘दुर्गा झाली गौरी’ म्हणजे स्टेजवर मुलंच मुलं, आणि त्यातून पुढे नाटक-सिनेमात गेलेले कितीतरी जण.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचा हॉल सुटला. अरविंद देशपांडे तोवर गेले होते. संस्था गुंडाळायला एवढं कारण पुरे होतं, पण आविष्कारने माहीमच्या म्युनिसिपल शाळेत बस्तान हलवलं आणि 1994 ला महेश एलकुंचवारांची ‘वाडा’ त्रिनाट्यधारा केली, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात, तिन्ही नाटकं सलग, जवळजवळ नऊ तास, आणि लोक नऊ तास बसले.