ओपन मॅट

ओपन मॅट : चित्रपटगृहात झाकला जाणारा फ्रेमचा वरचा-खालचा भाग उघडा ठेवून काढलेली चित्रपटाची प्रत. जुन्या कॅसेट, लेझरडिस्क आणि डीव्हीडी जमवणारे संग्राहक अशा प्रतींच्या शोधात असतात.

१९५३ पासून हॉलिवुडमध्ये रुंद पडदा रुळला, तरी अनेक चित्रपटांत ३५ मिमी फिल्मवर चित्र पूर्वीसारखेच, १.३७:१ (रुंदी:उंची) या चौरसाकडे झुकणाऱ्या मापात उमटत असे. प्रोजेक्टरमधल्या धातूच्या चौकटीने त्याचा वरचा-खालचा भाग झाकला, की पडद्यावर १.८५:१ चे रुंद चित्र पडे. छायाचित्रकार व्ह्यूफाइंडरमधल्या रेघांच्या आत दृश्य रचत. रेघेबाहेर माइक डोकावला तरी प्रेक्षकाला तो दिसणार नसे. जुन्या, १.३३:१ मापाच्या टीव्हीसाठी कॅसेट काढताना हे झाकण काढले, की काळ्या पट्ट्यांशिवाय पडदा भरून जाई.

भिंगाने चित्र आडवे आवळणाऱ्या सिनेमास्कोपमध्ये ही सोय नव्हती. तिथे टीव्हीसाठी 'पॅन अँड स्कॅन', म्हणजे चित्राच्या कडा कापून महत्त्वाचा भागच दाखवणे, करावे लागे, आणि २.३५:१ चे जवळपास ४३ टक्के चित्र कापले जाई. जेम्स कॅमेरॉनने 'टायटॅनिक'साठी (१९९७) वापरलेल्या, चित्र न आवळणाऱ्या 'सुपर ३५' पद्धतीत मात्र वर-खाली चित्र शिल्लक राहते. म्हणूनच 'टायटॅनिक'ची २०१२ ची थ्रीडी ब्लू-रे १.७८:१ मापात काढता आली.

जास्त चित्र म्हणजे जास्त चित्रपट, हा समज मात्र चुकीचा आहे. 'पी-वीज बिग अ‍ॅडव्हेंचर'मध्ये (१९८५) नायक सायकलच्या पेटीतून न संपणारी साखळी ओढत राहतो. ओपन मॅट प्रतीत ती खालून पेटीत सरकवली जाताना दिसते आणि विनोदाचा जीवच जातो. 'द शायनिंग'च्या (१९८०) १.३३:१ डीव्हीडीत डोंगररस्त्याच्या पहिल्या दृश्यांत, चौकटीच्या तळाशी चित्रीकरणाच्या हेलिकॉप्टरची सावली उतारावरून सरकते. दिग्दर्शकाने रचलेली चौकट पाहायची असेल, तर चित्रपटगृहातले मापच खरे. ओपन मॅट प्रतीचे मोल वेगळे आहे : कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष काय होते, ते तिच्यात कळते.

वेष्टनावरच्या 'फुल स्क्रीन' या शब्दांवरून काहीच ठरत नाही. तेच दृश्य रुंद प्रतीशेजारी थांबवून पाहावे. कडेची माणसे जागेवर असून वर छत आणि खाली जमीन जास्त दिसली, तर ओपन मॅट. कडेचा माणूसच गायब असेल, तर कापलेली प्रत. ही तपासणी साध्या संवादाच्या दृश्यावर करावी. स्पेशल इफेक्ट्सची दृश्ये बऱ्याचदा रुंद मापातच तयार केलेली असल्याने एरवीच्या ओपन मॅट प्रतीतही ती कडेने कापलेली आढळतात.