बाकावर उरलेसुरले बसत नाहीत

उत्तम अकरा मैदानात, त्यांच्याखालोखालचे बाकावर, म्हणजे राखीव, हा फुटबॉलमधला जुना गैरसमज. बाक भरताना प्रशिक्षक गुणवत्तेची उतरंड लावत नाही. सामना कुठे फसेल याचा अंदाज बांधतो. म्हणून दोन-तीन जागी खेळू शकणारा साधारण बचावपटू कधीकधी सरस अशा चौथ्या स्ट्रायकरला (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) मागे टाकतो.

२०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सने अगदी शेवटी गोलरक्षक बदलला, केवळ पेनल्टी शूटआउटसाठी, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या पेनल्टी फटक्यांसाठी. बदली आलेल्या टिम क्रुलने दोन फटके अडवले, संघ उपांत्य फेरीत! तिथे अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआउट आलं, पण तेव्हा परवानगी तीनच बदलांची, आणि तिन्ही वापरून झालेले. क्रुल बाकावरच राहिला. नेदरलँड्स हरलं.