याओ मिंगच्या पायातली होडी

मूल जरा बुटकं वाटलं की आपल्याकडे कुणी ना कुणी सांगतंच, "बास्केटबॉलला घाला, उंची वाढेल." या सल्ल्यापायी मीही शाळेत दोन उन्हाळे रिंगखाली उड्या मारल्या. उंची होती तेवढीच राहिली, चपला मात्र झिजल्या. खेळून कुणी उंच होत नाही. उंच असतात तेच वरच्या पातळीपर्यंत टिकतात, म्हणून बघणाऱ्याला उलटं वाटतं.

चीनचा बास्केटबॉलपटू याओ मिंग, त्याचं तर घरच उंच माणसांचं होतं. वडील दोन मीटरचे, आई सव्वासहा फुटांची, दोघंही बास्केटबॉल खेळाडू. १९८० साली शांघायला जन्मलेला हा मुलगा वाढत वाढत २२९ सेंटीमीटरला, म्हणजे साडेसात फुटांना जाऊन थांबला. वजन साधारण १४१ किलो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. एवढा मोठा माणूस धावायला जड असेल, हाताला बोजड असेल, असा अंदाज बांधणारे पुष्कळ होते. पण पठ्ठ्याचे हात मऊ होते. फ्री थ्रोमध्ये, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत, तो कारकिर्दीभर शंभरातले ८३ टाकत राहिला, आणि इतक्या उंच खेळाडूंना सहसा हे जमत नाही.

आता त्याच्या हजेरीचा हिशेब बघा. लीगच्या एका हंगामात ८२ सामने असतात. पहिल्या तीन हंगामांतल्या २४६ सामन्यांपैकी याओ २४४ खेळला. पुढच्या सहा हंगामांत सामने होते ४९२, तो खेळला २४२. निम्म्यालाही कमी! मधल्या काळात पायाच्या अंगठ्याच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला, गुडघ्याजवळचं हाड मोडलं. पण कारकीर्द खरी अडली ती डाव्या पावलातल्या एका हाडापाशी.

ते हाड तुम्हालाही हाताने चाचपता येईल. चप्पल काढा, पाऊल मांडीवर घ्या. घोट्याच्या आतल्या बाजूला जे टोक वर येतं, तिथून अंगठ्याच्या दिशेने दोन-तीन बोटं पुढे आणि जरा खाली सरका. एक उंचवटा लागेल. हे नॅव्हिक्युलर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी होडी, आणि आकारही तसाच, मागच्या बाजूने खोलगट. पावलात २६ हाडं असतात. तळव्याच्या आतल्या कमानीचा माथा या होडीवर तोललेला असतो. दगडी कमानीत मधला दगड दोन्हीकडून आवळला जातो, तसं प्रत्येक पावलागणिक हे हाड मागच्या आणि पुढच्या हाडांच्या मध्ये चेपलं जातं. चवड्यावर जोर देऊन उडी घेतली की सर्वात जास्त.

दाब सोसायला हाडं बनलेलीच असतात. इथली अडचण रक्ताची आहे. होडीला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बाजूबाजूंनी आत शिरतात, मधल्या पट्ट्यापर्यंत फार थोड्या जातात. सगळ्यात जास्त ताण पडतो तोही याच पट्ट्यावर. गावाच्या टोकाला असलेल्या घराला नळाचं पाणी करंगळीएवढं यावं आणि सगळ्यांत जास्त माणसंही त्याच घरात राहावीत, असा प्रकार.

हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे. रोजच्या वापरात त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि शरीर त्या बुजवतं. हे काम दोन प्रकारच्या पेशी करतात. एक टोळी खराब झालेला भाग आधी खरवडून काढते, दुसरी मागून येऊन तिथे नवं हाड भरते. रस्ता दुरुस्त करताना आधी खणतात तसंच. खणायला काही आठवडे, भरून कडक व्हायला काही महिने. म्हणजे दुरुस्ती चालू असताना हाड काही काळ आधीपेक्षाही कच्चं असतं. या काळात वाहतूक थांबली तर रस्ता मजबूत होतो. थांबली नाही तर बारीक भेगा एकमेकींना मिळतात आणि एक दिवस तडा जातो. लोखंडी तार एका झटक्यात तुटत नाही, पण त्याच जागी पन्नास वेळा वाकवली की हातात दोन तुकडे येतात. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. त्याची पहिली नोंद खेळाडूंची नाही, सैनिकांची आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतींनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, असं लिहून ठेवलं. त्यामागे हाडाची भेग आहे हे कळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला.

यात उंचीचा दोष किती? गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हा प्रश्न हाडाचं चित्र काढून सोडवला होता. प्राणी सगळ्या बाजूंनी सारखाच मोठा केला तर वजन घनाने वाढतं, हाडाची जाडी, म्हणजे त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, मात्र वर्गानेच. १७० सेंटीमीटर आणि ६५ किलोचा माणूस घ्या. याओ त्याच्या १.३५ पट उंच. हाडाचा छेद त्याच प्रमाणात वाढला असं धरलं तर तो १.८ पट झाला, वजन मात्र जवळजवळ २.२ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे वीस टक्के जास्त भार, आणि तोही नुसतं उभं राहिल्यावर. रिंगवरून परतलेला चेंडू (रिबाउंड) उडी मारून पकडून खाली उतरताना जमीन अंगाच्या वजनाच्या चार-पाच पट जोराने परत ढकलते. याओच्या बाबतीत तो अर्धा टनाहून जास्त झाला, एका संध्याकाळी कितीतरी वेळा.

पण सगळं खापर उंचीवर फोडणं मला पटत नाही. मायकेल जॉर्डन फक्त १९८ सेंटीमीटरचा. १९८५ मध्ये हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याचंही डाव्या पायातलं हेच हाड मोडलं आणि ६४ सामने हुकले. उलट लिथुआनियाचा झायड्रुनास इल्गाउस्कास, उंची २२१. पायाच्या दुखण्यात त्याचे जवळपास सगळे तरुण हंगाम वाया गेले, पण शस्त्रक्रिया आणि लांब विश्रांतीनंतर तो २०११ पर्यंत खेळला. जोएल एम्बीडची निवड २०१४ मध्ये झाली तेव्हाच त्याची ही होडी फुटलेली होती. पहिले दोन हंगाम त्याला कोर्टवर उतरवलंच नाही. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

याओला न मिळालेली गोष्ट म्हणजे ही रिकामी वर्षं. लीगचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, बाद फेरी त्यापुढे. मग उन्हाळ्यात चीनचा राष्ट्रीय संघ, कारण अमेरिकेला जायची परवानगी मिळाली तीच या अटीवर. २००४ ला अथेन्स ऑलिंपिक, २००६ ला जपानमधली जागतिक स्पर्धा. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, मार्चमध्ये स्क्रू बसवले, आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाला चीनचा झेंडा घेऊन चालत होता. दोन दिवसांनी अमेरिकेविरुद्धच्या सामन्यातली पहिली बास्केटही त्याचीच, तीही तीन गुणांची. यजमान देशाच्या सर्वात मोठ्या खेळाडूला "या वेळी बस" असं कोण सांगणार होतं? हाडातली खणणारी टोळी मात्र ऑलिंपिकचं वेळापत्रक बघून काम करत नाही.

हे दुखणं ओळखायलाही अवघड. पावलाच्या वरच्या बाजूला मोघम ठणका असतो, मुरगळल्यासारखा. साध्या एक्स-रेवर भेग अनेकदा दिसत नाही, एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. मे २००९ मध्ये बाद फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यानंतर याओचं पाऊल मुरगळलंय असंच आधी वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, नॅव्हिक्युलरला केसाएवढी भेग आहे. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिथे हाडाचा तुकडा भरला, आणि तेवढ्यावर न थांबता आजूबाजूची हाडं कापून पावलाची कमानच थोडी खाली आणली. उंच कमान ताठ असते, धक्का जिरवत नाही, सगळा माथ्याकडे पाठवते.

त्यानंतरचा पूर्ण हंगाम तो बाहेर बसला. २०१० च्या शरद ऋतूत परतला तेव्हा संघाने नियम केला होता, एका सामन्यात २४ मिनिटं, त्यापुढे एक क्षणही नाही. ४८ मिनिटांच्या खेळात निम्मा याओ. पाचव्या सामन्यात, वॉशिंग्टनमध्ये, सहा मिनिटांत त्याचा डावा घोटा दुखावला. पुढच्या तपासणीत त्याच घोट्यात नवं स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. २० जुलै २०११ रोजी शांघायमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.