रंगभूषेतील समान संधी : २०१४ च्या निकालाची पार्श्वभूमी

रंगभूषेतील वैविध्य आणि सामाजिक जबाबदारी यांची चर्चा आज बहुधा फाउंडेशनच्या छटांपासून सुरू होते. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात मात्र हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी अडला होता, कारण तेथे चेहरा रंगवण्याचे काम करण्याचा हक्कच निम्म्या लोकांना, म्हणजे स्त्रियांना, नव्हता; तो त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने मिळाला.

याची मुळे रंगभूमीत सापडतात. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्याने रंगपटात स्त्रियांचा वावर नव्हता. १९१३ सालच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय चित्रपटातही नायिकेची भूमिका पुरुषानेच केली होती. पुढे अभिनेत्री आल्या, बोलपट आला, स्टुडिओ उभे राहिले. पण त्यांचे चेहरे रंगवणारे हात पुरुषांचेच राहिले.

१९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईतील रंगभूषाकार आणि केशभूषाकारांची संघटना स्थापन झाली, तेव्हा या रूढीला नियमाचे रूप मिळाले. रंगभूषाकार म्हणून पुरुषांनाच सदस्यत्व द्यायचे आणि स्त्रियांना केशभूषाकार म्हणून घ्यायचे, अशी ही विभागणी होती. प्रत्यक्ष कामात तिचा अर्थ असा, की नायिकेचा अंबाडा घालणारी, गजरा माळणारी स्त्री तिच्या कपाळावरच्या केसांच्या कडेपर्यंतच पोहोचू शकत होती; तेथून खाली मेकअप दादांचे, म्हणजे पुरुष रंगभूषाकारांचे, क्षेत्र सुरू होई. ज्यांनी तरीही रंगभूषा केली, त्यांना व्हॅनिटी व्हॅनमध्ये लपून काम करावे लागे किंवा केशभूषाकार म्हणून नोंद करून घ्यावी लागे. संघटनेच्या कार्डाशिवाय सेटवर काम करताना सापडल्यास दंडही होत असे.

अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेल्या एका रंगभूषाकार महिलेने सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तेव्हा ही रूढी प्रथमच कागदावर आव्हान देण्याजोगी झाली. प्रकरण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल लागला. दोन्ही कामे वाटून दिल्याने दोघांनाही रोजगार मिळतो आणि स्त्रियांना रंगभूषा खुली केल्यास पुरुषांची कामे जातील, अशी नियमाच्या समर्थकांची बाजू होती. तुटपुंज्या आणि अनियमित मिळकतीवर घर चालवणाऱ्या कामगाराची ही धास्ती खोटी होती, असे म्हणता येणार नाही. परंतु तिची किंमत फक्त स्त्रियांनीच का मोजावी, याचे उत्तर त्या युक्तिवादात नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने पेच वेगळा होता. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावता येतात आणि कामगार संघटना म्हणजे शासन नव्हे. न्यायालयाने हा पेच सोडवला तो १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाच्या आधारे. संघटना या कायद्याखाली नोंदलेली होती, तिचे नियम संघटनांची नोंदणी करणाऱ्या वैधानिक निबंधकाने मान्य केलेले होते आणि कायद्यात सदस्यत्वासाठी स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. म्हणून राज्यघटनेशी विसंगत असलेल्या नियमावर निबंधकाची मोहोर उमटूच शकत नाही, असे ठरले. समानतेबरोबरच व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांचाही आधार घेत न्यायालयाने संबंधित नियम रद्द केले, अर्जदारांना चार आठवड्यांत सदस्य करून घेतले जाईल हे पाहण्याची जबाबदारी निबंधकावर टाकली आणि आडकाठी झाल्यास पोलिसांनी हस्तक्षेप करावा, असेही सांगितले.

याच निकालाने महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही रद्द केली. स्त्रियांच्या प्रवेशाचा गाजावाजा झाला आणि ही बाजू झाकोळली गेली. वस्तुतः मुंबईत नव्याने आलेल्या कोणत्याही कारागिराच्या दृष्टीने, पुरुष असला तरी, हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि स्थानिकांच्या रोजगाराच्या आपल्याकडील वादाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

२०१४ हेच वर्ष रंगभूषेच्या साहित्यासाठीही निर्णायक ठरले. त्या वर्षी भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास आणि नंतर तशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीस बंदी घालण्यात आली. चमकीसाठी लागणाऱ्या झारखंड आणि बिहारमधील अभ्रकाचा प्रश्न मात्र अधिक चिवट आहे, कारण तेथील बेकायदा खाणींत आणि टाकाऊ ढिगांवर मुले अभ्रक वेचतात आणि मेकअपच्या डबीपर्यंत येताना तो अनेक मध्यस्थांच्या हातांतून जातो. त्वचेच्या वर्णाबाबत २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा उल्लेख वगळला गेला. गरीब व्यक्तिरेखा दाखवण्यासाठी उजळ कलाकाराचा चेहरा काळवंडवण्याची पडद्यावरची सवय मात्र केवळ नाव बदलून जाणारी नव्हती.

निकालाची मर्यादाही त्याच्या कायदेशीर आधारातच आहे. नोंदणीकृत संघटना आणि तिचे नियम समोर होते म्हणून दाद मागता आली. लग्नसराईत वधूची रंगभूषा करणाऱ्या, स्वतःची मेकअपची पेटी घेऊन गावोगाव जाणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या बाबतीत ना संघटना आहे ना नियम. ठरलेले पैसे बुडाले किंवा मंगल कार्यालयातून परतताना रात्र झाली, तर रद्द करून घेण्याजोगे कलमही त्यांच्यासमोर नाही.