भुईभाडे आणि घराचा आयकर : बेळगावच्या घरमालकांसाठी पार्श्वभूमी

बेळगावच्या कॅम्प भागातल्या जुन्या बंगल्याचे कागद चाळले की दोन तऱ्हेच्या पावत्या हाती लागतात, घरफाळ्याची आणि भुईभाड्याची, म्हणजे घराखालच्या जमिनीच्या मालकाला द्यायच्या भाड्याची. आयकरात या दोघींची वाट वेगळी. ती कुठे वेगळी झाली हे माहीत नसल्याने विवरणपत्रात भुईभाडे घरफाळ्यात मिसळण्याची तीच चूक दरवर्षी होते.

कॅम्प म्हणजे बेळगावची लष्करी छावणी, १८३२ची. तिथल्या कित्येक घरांची जमीन सरकारची आणि भिंती, छप्पर तेवढे घरमालकाचे. छावणीतल्या जमिनींचे वर्गीकरण आणि भाडेपट्टे बराच काळ १९३७च्या नियमांनी चालले. छावणीबाहेर चित्र निराळे. कर्नाटकच्या १९८७च्या नगरविकास प्राधिकरण कायद्याखालचे भूखंड बहुधा आधी लीज-कम-सेल, म्हणजे आधी भाडेपट्टा व मग विक्री, अशा कराराने मिळतात आणि मुदत व अटी पुऱ्या झाल्यावर खरेदीखत होते. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, उताऱ्याची भाषा बदलली. आयकर मात्र केंद्राचा, त्यामुळे त्याचा नियम तोच राहिला.

त्या नियमात भुईभाड्याला पूर्वी मानाची जागा होती. १९२२च्या आयकर कायद्यात घराच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी एक षष्ठांश आणि त्याशिवाय भरलेले भुईभाडे वजा होई. १९६१च्या कायद्यानेही ती वजावट ठेवली. १९८७-८८ या कर-निर्धारण वर्षापासून (उत्पन्नाच्या पुढचे, कर ठरवण्याचे वर्ष) स्वतः राहत्या घराचे वार्षिक मूल्य, म्हणजे कर ज्यावर मोजतात ते घराचे वर्षाचे उत्पन्न, शून्य धरले जाऊ लागले, तेव्हा राहत्या घराच्या भुईभाड्याला वजा व्हायला काही उरले नाही. भाड्याने दिलेल्या घराची वजावट २००२-०३पासून गेली. दुरुस्ती, विमा, वसुलीखर्च, भुईभाडे या सगळ्यांच्या जागी ३० टक्के ठोक वजावट आली. पावत्या जपायचा त्रास वाचला हे खरे. पण ज्याचे भुईभाडे जड त्याचे नुकसान झाले, हेही तितकेच खरे.

आता हिशेब पाहा. घर महिना १२,००० रुपयांनी दिले, तर वर्षाचे १,४४,०००. मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला घरफाळा ६,००० वजा, उरले १,३८,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे ४१,४०० वजा. करपात्र ९६,६००. भुईभाडे १,५०० असेल तर ते या ३० टक्क्यांतच आले. ते घरफाळ्यात मिसळून ७,५०० दाखवले तर करपात्र रक्कम ९५,५५० होते, आणि ती चूक चौकशीत टिकत नाही. महापालिकेच्या कन्नड पावतीवर ‘आस्ति तेरिगे’ असेल तो घरफाळा. ‘नेल बाडिगे’ म्हणजे भुईभाडे. वजा करण्याआधी हे शब्द वाचावेत.

जमिनीचा पट्टा घेताना एकरकमी भरलेला अधिमूल्याचा (प्रीमियमचा) पैसा मात्र वेगळा. तो वार्षिक खर्च नाही, मिळवलेल्या हक्काची किंमत आहे. घर विकताना भांडवली नफा काढायचा तेव्हा तो खरेदीखर्चात धरता येतो. म्हणून मूळ पट्टा, चलन आणि नूतनीकरणाचे कागद कधीही टाकू नयेत.

कर्जाचा मुद्दाही इथेच अडतो. नुसत्या भूखंडासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला घर उभे राहीपर्यंत वजावट नाही. बांधकाम पूर्ण झाले की आधीच्या वर्षांचे व्याज पाच समान हप्त्यांत मिळते. राहत्या घराला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे, तीही कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले तर, नाहीतर ३०,०००. आणि हे सगळे जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

जमीन आपली नाही म्हणून कर लागणार नाही, असा समज जुन्या कुटुंबांत आढळतो. तो चुकीचा आहे. कर इमारतीच्या मालकीवर लागतो. १९८८-८९पासून तर इमारतीचा १२ वर्षे वा अधिक मुदतीचा पट्टा घेणाऱ्यालाही मालकच मानले जाते. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही घरफाळा आधी आणि ३० टक्के नंतर, हीच रीत राहिली आहे.