गणिताच्या उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन (माध्यमिक शाळा)

विद्यार्थ्याने उदाहरण कोणत्या रीतीने सोडवले आणि त्याचे पाऊल कुठे चुकले, हे त्याच्या लेखनातून शोधून गुण देण्याची पद्धत.  राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित (भाग १) आणि भूमिती (भाग २) यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या, दोन-दोन तासांच्या लेखी परीक्षा होतात; २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. आठवीपर्यंत २०१० पासून आकारिक (वर्षभर शिकतानाचे) आणि संकलित (सत्राच्या शेवटचे) मूल्यमापन आहे.

बहुपर्यायी प्रश्न वगळले, तर गुण प्रामुख्याने पायऱ्यांना असतात. आकृती, सूत्र, किंमत घालणे, आकडेमोड आणि शेवटी एककासह उत्तर, असे ते वाटले जातात. प्रमेयात पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहून प्रत्येक विधानापुढे कारण द्यावे लागते.

तपासनिसाचा खरा कस चुकलेल्या उत्तरात लागतो. समजा, साखर कारखान्याच्या चिमणीपासून ६० मीटरवरच्या बिंदूतून तिच्या टोकाचा उन्नत कोन ३०° आहे आणि उंची काढायची आहे. सांगलीतल्या वाळवा किंवा साताऱ्यातल्या कराड तालुक्यातल्या मुलाला अशी चिमणी डोळ्यांपुढे आणायला वेळ लागत नाही. बरोबर उत्तर २०√३, म्हणजे सुमारे ३४.६ मीटर. एका मुलाने आकृती व गुणोत्तर अचूक मांडले, पण टॅन ३०° ची किंमत १/√३ ऐवजी √३ घेतली. दुसऱ्याने किंमत बरोबर घेतली, मात्र उंची भागिले अंतर हे गुणोत्तरच उलटे लिहिले. दोघांचेही उत्तर ६०√३ येते! पहिल्याचे पाठांतर कच्चे आहे. दुसऱ्याला संमुख आणि लगतची बाजू ओळखताच आलेली नाही, त्याला पुन्हा आकृतीपासूनच शिकवायला हवे. दोघांच्या उत्तरांवर सारखीच लाल फुली मारणे हा मोठा अन्याय आहे. कोन ४५° पेक्षा लहान असल्याने उंची ६० मीटरपेक्षा कमीच हवी, हा पडताळा दोघांनीही घेतला नाही. समासात तेवढी एक ओळ लिहिली, तरी पुढच्या वेळी मूल स्वतःची चूक स्वतः पकडू शकते.

मंडळाच्या परीक्षेत नियामक तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. निकालानंतर शुल्क भरून गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. छायाप्रत घेतली नाही, तर मुलाच्या हाती फक्त गुण येतात. त्यामुळे समासातल्या शेऱ्याचे काम घटक चाचणी आणि सत्र परीक्षेच्या पेपरांवरच व्हायला हवे. ते पेपर वर्गात परत मिळतात आणि शिक्षकाला मुलाशेजारी बसून त्यावर बोलता येते.